ट्रेलर ओढणाऱ्या डिझेल पिकअपची हेड गॅस्केट कशी वाचवायची?

प्रश्न थोडक्यात असा. म्हापशातल्या एका व्यावसायिकांकडे चार सिलिंडरची टर्बो डिझेल डबल कॅब पिकअप आहे. जत्रेला, नाटकाला, लग्नाला ट्रेलरवरचा जनरेटर न्यायचा, मे महिन्यात वॉटर स्पोर्ट्सवाल्यांच्या होड्या किनाऱ्यावरून शेडमध्ये ओढून आणायच्या आणि अधूनमधून चोर्ला घाटाने बेळगाव गाठायचं, हे तिचं काम. गेल्या वर्षी घाटात हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधलं सील, उडाली. हेड खोलून नवी गॅस्केट टाकली. आता पुन्हा पाणी कमी व्हायला लागलंय. गॅरेजवाल्याने थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावर रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह) काढून टाकायला सांगितलंय, मित्र म्हणतात हेडच्या बोल्टांऐवजी जाड स्टड बसव. काय करावं?

थर्मोस्टॅट काढू नका, आणि स्टडचा विचार तूर्त बाजूला ठेवा. आधी ड्रायव्हरला एवढंच विचारा, की लोड घेऊन चोर्ला तो कोणत्या गिअरमध्ये चढवतो. उत्तर बहुतेक 'चौथ्यात' असंच येईल, आणि कारण सांगेल की गाडी चौथ्यात आरामात ओढते, आवाज करत नाही, डिझेलही कमी खाते. माझ्याकडे हेड उडून आलेल्या ओढकामाच्या गाड्यांत ही सवय इतक्या वेळा दिसली आहे, की आता बॉनेट उघडायच्या आधी मी हाच प्रश्न विचारतो.

कारण समजून घ्या. आजच्या कॉमन रेल डिझेल इंजिनात पूर्ण लोडवर सिलिंडरमधला दाब १५० ते १८० बारपर्यंत जातो. ८५ मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा व्यास) धरला आणि दाब १६० बार धरला, तर एका स्फोटाला हेड वर ढकलणारा जोर सुमारे नऊ टन भरतो. २,००० आरपीएमला प्रत्येक सिलिंडर मिनिटाला एक हजार वेळा हा धक्का देतो. हेड खाली धरून ठेवतात ते फक्त बोल्ट, आणि गॅस्केट जागेवर टिकते ती त्या बोल्टांच्या ताणावर. हा ताण नऊ टनांपेक्षा पुष्कळ जास्त ठेवलेला असतो, म्हणूनच गाडी वर्षानुवर्षं चालते. ओढकामात ही शिल्लक दोन्ही बाजूंनी कमी होते. एकीकडे दाब वाढतो, दुसरीकडे उष्णतेने हेड वाकडं व्हायला लागतं.

आता चौथ्या गिअरमध्ये १,५००-१,६०० आरपीएमला, पाय जवळजवळ फळीला टेकवून चढणारी गाडी बघा. टर्बो पूर्ण बूस्ट देतोय, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) भरपूर डिझेल सोडतोय, पिस्टन सावकाश चाललाय, म्हणजे वरच्या टोकाशी दाब आणि आग दोन्हींना जास्त वेळ मिळतोय. त्याच वेळी वॉटर पंप आणि फॅन इंजिनाच्याच गतीने फिरत असल्यामुळे तेही सुस्त. उष्णता सगळ्यात जास्त, आणि ती बाहेर काढणारी यंत्रणा सगळ्यात मंद, अशी ही स्थिती. तीच गाडी दुसऱ्या-तिसऱ्यात २,४००-२,६०० वर आणली तर एका स्फोटाचा दाब उतरतो, पंप दीडपट पाणी फिरवतो आणि फॅन दीडपट वेगाने हवा ओढतो. आवाज होतो, डिझेल थोडं जास्त जातं. जाऊ द्या.

वेगाचंही तेच. चढणीवर इंजिनाला लागणारी ताकद जवळजवळ वेगाच्या प्रमाणात वाढते. गाडी आणि ट्रेलर मिळून चार टन धरा, सात टक्क्यांची चढण धरा. ५० च्या वेगाला चाकांवर ४५ किलोवॅटच्या पुढे ताकद लागते, ३० च्या वेगाला २८ च्या आसपास. रेडिएटरला टाकावी लागणारी उष्णताही त्याच हिशोबाने घटते. केरीहून अंजुणे धरण मागे टाकून वळणं सुरू झाली, की वर चोर्ल्यापर्यंत म्हणजे सुमारे ८०० मीटर उंचीपर्यंत इंजिनाला धड उसंत नाही. मोल्याहून अनमोडला चढताना, काणकोणला जाताना करमल घाटात हाच नियम. मागे गाड्या हॉर्न मारत असतील तर रुंद जागा बघून त्यांना पुढे जाऊ द्या, पण वेग वाढवू नका.

गिअर सुधारल्यावर पाण्याकडे या. गोव्यात थंडीने पाणी गोठायचा प्रश्नच नाही, म्हणून कूलंट कशाला, विहिरीचं पाणी चालतं, असा समज अजून पक्का आहे. कूलंटचं इथलं काम वेगळं आहे. निम्मं ग्लायकॉल आणि निम्मं पाणी असलेलं मिश्रण एक बार दाबाखाली साधारण १२८ अंशांपर्यंत उकळत नाही. साधं पाणी त्याच दाबाला १२० वरच उकळतं. घाटात हेडच्या आत एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या भोवती पाण्याची वाफ होऊन बुडबुडे धरले, की त्या जागी थंडावा थांबतो आणि तेवढाच भाग तापून वाकतो. डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा मात्र मध्यावरच असतो. दुसरं काम गंज थांबवण्याचं. जांभ्या दगडातून झिरपलेलं आपलं विहिरीचं पाणी बहुधा आम्लधर्मी असतं, किनाऱ्यालगत त्यात खारटपणाही येतो. अ‍ॅल्युमिनियमच्या हेडला ही दोन्ही पाणी खातात. गॅस्केटच्या पाण्याच्या भोकांभोवती हेड खड्ड्याखड्ड्यांनी कुरतडलेलं मी नेहमी बघतो. तिथे नवी गॅस्केट बसवली तरी ती धरणार कशाला? डिस्टिल्ड किंवा डीमिनरलाइज्ड पाणी आणि मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या प्रकारचं कूलंट, एवढंच वापरा. हिरवं, लाल, गुलाबी या रंगांवर जाऊ नका, प्रत्येक कंपनीचा रंग वेगळा असतो. वेगवेगळ्या प्रकारचं कूलंट मिसळलं तर काही वेळा त्याचा गाळ होतो, आणि तो रेडिएटरच्या नळ्यांत जाऊन बसतो.

प्रेशर कॅप, म्हणजे पाण्याचा दाब धरणारं रेडिएटरचं झाकण, ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित वस्तू. तिच्यावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तो बारमधला दाब. रबर कडक झालं किंवा स्प्रिंग बसली की कॅप दाब धरत नाही, आणि वर सांगितलेला उकळबिंदूचा सगळा फायदा जातो. बाजारातून कुठलीही बसणारी कॅप आणू नका. जास्त दाबाची लावली तर होज आणि प्लास्टिकची टाकी फाटेल. गाडीच्या आकड्याचीच घ्या आणि ओढकामाच्या गाडीला दर दोन वर्षांनी बदला.

रेडिएटर बाहेरून साफ आहे असं सगळेच सांगतात. पुढून बघितलं तर तो दिसतच नाही. पुढे एसीचा कंडेन्सर असतो, त्याच्या मागे किंवा शेजारी टर्बोची हवा थंड करणारा इंटरकूलर, आणि त्यांच्यामागे रेडिएटर. कचरा यांच्या मधल्या फटीत साठतो. मध्यंतरी डिचोलीच्या बाजूला खाणीच्या रस्त्यावर चालणारी एक पिकअप माझ्याकडे आली होती. समोरून जाळी लखलखीत धुतलेली. कंडेन्सर सैल करून पुढे ओढला तर रेडिएटरच्या खालच्या भागावर तांबड्या मातीचा जाड थर, त्यात सुकी पानं, किडे, वरून पाईपच्या झिरपणाऱ्या तेलाने तो घट्ट झालेला. इंजिनाच्या बाजूने टॉर्च लावला तर वरच्या भागातून उजेड येत होता, खाली पूर्ण काळोख. त्या मालकाने आधी वॉटर पंप बदलला होता, थर्मोस्टॅट बदलला होता. रेडिएटरच्या पंखांत, म्हणजे नळ्यांमधल्या पातळ पत्र्यांत, काही बिघाड नव्हता, त्यांतून हवाच जात नव्हती.

धुताना कंडेन्सर आणि रेडिएटर वेगळे करा आणि इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेला, साध्या नळाच्या दाबाने पाणी मारा. सर्व्हिस स्टेशनच्या प्रेशर गनने पंख वाकतात आणि मग ते कायमचे बंद. हे काम वर्षातून दोनदा करावं. पावसाळा संपल्यावर एकदा, कारण चिखल तेव्हा सुकलेला असतो, आणि एकदा एप्रिलच्या शेवटी. एप्रिलचा आग्रह मुद्दाम धरतोय. १ जूनपासून मासेमारी बंदी लागते, वॉटर स्पोर्ट्सही थांबतात, त्यामुळे मेच्या शेवटच्या पंधरवड्यात सगळ्यांनाच होड्या ओढायच्या असतात. वर्षातला सगळ्यात जड लोड आणि वर्षातली सगळ्यात गरम हवा एकाच वेळी येते. किनाऱ्याजवळ उभी राहणारी गाडी असेल तर अ‍ॅल्युमिनियमचे पंख खाऱ्या हवेने पांढरे पडून हाताने चुरतात. असा रेडिएटर धुऊन उपयोग नाही, तो बदलावाच लागतो. ग्रिलच्या पुढे एलईडी बार, मोठी नंबरप्लेट, जाड गार्ड लावलेलं असेल तर तेही काढा.

फॅनला पंखा फिरतोय एवढं बघून सोडू नका. पंख्याला इंजिनाशी जोडणाऱ्या व्हिस्कस क्लचमधलं सिलिकॉन तेल गळून गेलं की पंखा फिरतो, पण हवा ओढत नाही. इंजिन गरम असताना बंद करा, मग पंखा हाताने फिरवा. चांगल्या क्लचला बोटांना विरोध जाणवतो. सैल फिरला, किंवा क्लचच्या पुढच्या बाजूला तेलकट धूळ चिकटलेली दिसली, तर तो गेला. फॅनभोवतीचं प्लास्टिकचं शराउड तुटलं म्हणून काढून टाकलेलं असेल तर ते परत बसवा. त्याच्याशिवाय पंखा कडेची हवा ढवळत राहतो.

आता थर्मोस्टॅट. तो काढला की पाणी जास्त फिरेल आणि इंजिन थंड राहील, असा हिशोब असतो. बऱ्याच डिझेल इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासचं, म्हणजे रेडिएटर टाळून जाणाऱ्या वाटेचं, भोक बंद करतो. थर्मोस्टॅटच नसेल तर ते भोक कायम उघडं राहतं, आणि गरम पाण्याचा मोठा भाग रेडिएटरला वळसा घालून तसाच परत इंजिनात जातो. सपाटीवर इंजिन नको इतकं थंड चालतं, त्यामुळे काजळी वाढते, ईजीआर (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारी व्यवस्था) चोक होतो. आणि घाटात, जिथे गरज आहे तिथेच, गाडी तापते. मूळ तापमानाचा चांगला थर्मोस्टॅट बसवा आणि त्याची शंका असेल तर पातेल्यात पाणी उकळत ठेवून तो कोणत्या अंशाला उघडतो ते थर्मामीटरने बघा. बहुतेकांवर ८२ किंवा ८८ असा आकडा कोरलेला असतो.

डॅशबोर्डवरच्या काट्यावर विसंबू नका. कंपन्यांनी तो मुद्दाम शांत ठेवलेला असतो. साधारण ७५ ते १०५ अंशांच्या दरम्यान काटा मध्यावरच उभा राहतो आणि तो हलला तेव्हा फार उशीर झालेला असतो. ओबीडीत (गाडीच्या तपासणीच्या सॉकेटमध्ये) लावायचा छोटा रीडर घ्या आणि मोबाईलवर खरा आकडा बघत चला. सपाटीला गाडी ८८-९० वर असेल आणि घाटात ९८-१०० वर जाऊन थांबत असेल तर ठीक. १०५ ओलांडून चढतच राहिली तर थांबायची तयारी करा. इथे एक धोका ड्रायव्हरला नीट समजावून सांगा. पाणी फेकलं जाऊन सेन्सर कोरडा पडला, तर तापमान खाली आल्यासारखं दिसतं. आकडा अचानक खाली आला, हीटरची हवा गार झाली, आणि गाडी अजून चढणीवरच आहे, तर ताबडतोब बाजूला घ्या. कूलंट लेव्हलचा अलार्म बसवून घेतलात तर याहून चांगलं.

टर्बोची ताकद वाढवणाऱ्या ट्यूनिंग बॉक्सबद्दल मला खरंच काळजी वाटते, कारण ओढकाम करणाऱ्यांनाच तो सगळ्यात आधी विकला जातो. १,६०० ते २,००० आरपीएमला जो टॉर्क वाढवून मिळतो, तो सिलिंडरमधला दाब वाढवूनच मिळतो. बोल्टांची शिल्लक ज्या भागात आधीच कमी आहे तिथेच हा बॉक्स घाव घालतो. एक्झॉस्टचं तापमान टर्बोच्या आधी ७०० अंशांच्या वर टिकून राहिलं तर पिस्टन, टर्बो, हेड कशाचीच खात्री नाही. तुमच्या गाडीत बॉक्स किंवा रीमॅप (ईसीयूचं बदललेलं सेटिंग) असेल तर लोड ओढण्याआधी तो काढा. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाडीत डिझेलचा स्क्रू वाढवून घेतला असेल, तर त्यालाही हेच लागू.

वजनही एकदा काट्यावर करून घ्या. साठ-पासष्ट केव्हीएचा सायलेंट जनरेटर ट्रेलरसकट दीड-दोन टनांच्या घरात जातो, त्यावर भरलेली डिझेलची टाकी, केबल, मागे बसलेली माणसं. मॅन्युअलमध्ये गाडी आणि ट्रेलर मिळून किती वजन चालेल हा आकडा दिलेला असतो. तो ओलांडत असाल तर इथे लिहिलेल्या कुठल्याही उपायाने हेड वाचणार नाही, ब्रेकचं तर सोडाच.

स्टडचा मुद्दा अमेरिकेतून आलाय. तिथे २००३ ते २००७ च्या फोर्ड पिकअपमधल्या सहा लिटर पॉवर स्ट्रोक इंजिनात ऑईल कूलर आतून चोक व्हायचा, मग ईजीआर कूलरला (परत जाणारा धूर पाण्याने थंड करणाऱ्या भागाला) पाणी पुरायचं नाही, तो फुटायचा, आणि शेवटी हेड उचललं जायचं. तिथल्या मेकॅनिकांनी जाड स्टड बसवले, आणि तेच लोकांच्या लक्षात राहिलं. त्याच मेकॅनिकांनी ऑईल कूलरही बदलले, हे मात्र मागे पडलं. कूलिंग दुरुस्त न करता नुसते स्टड लावले तर गॅस्केटऐवजी हेडला तडा जाऊ शकतो. मूळ ताकदीवर चालणाऱ्या तुमच्या गाडीला कंपनीचे नवे बोल्ट पुरेसे आहेत. नवे, हे महत्त्वाचं. ठराविक अंशांच्या कोनात फिरवून पिळायचे बोल्ट ताणले जाण्यासाठीच बनवलेले असतात आणि एकदा ताणले की बहुतेक कंपन्या ते पुन्हा वापरू देत नाहीत.

तुमची गॅस्केट इतक्या लवकर पुन्हा त्रास देते आहे, म्हणजे मागच्या वेळी हेड बांधताना काहीतरी राहून गेल्याची दाट शक्यता आहे. पुन्हा खोलावं लागलं तर गॅरेजमध्ये उभं राहून पुढच्या गोष्टी बघा. हेडवर स्ट्रेटएज (सरळ पट्टी) लांबीला, रुंदीला आणि दोन्ही कर्णांवर ठेवून खाली फीलर गेज (फट मोजायची पातळ पाती) घालून बघितलं का. मर्यादा मॅन्युअलमध्ये असते आणि ती मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत असते, डोळ्यांनी दिसत नाही. वाकडं निघालं की लगेच लेथवाल्याकडे फेस मारायला (पृष्ठभाग तासून सपाट करायला) धाडण्याआधी त्या इंजिनाला ते चालतं का ते बघा. कित्येक डिझेल हेडना कंपनी फेसिंगची परवानगी देत नाही, कारण व्हॉल्व्ह आणि इंजेक्टरचं टोक पिस्टनच्या जवळ येतं. गॅस्केटची जाडीही एकच नसते. पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो ते डायल गेजने मोजून जाडी निवडायची असते, आणि ती गॅस्केटच्या कडेवरच्या खाचांनी किंवा भोकांनी ओळखायची. जुनी होती तशी दिली, असं दुकानदार सांगतो तेव्हा त्याला हे मोजमाप दाखवा.

ब्लॉकचा पृष्ठभाग खरबडीत डिस्कने घासू देऊ नका. डिस्कची पूड ऑईलमध्ये जाते आणि बेअरिंग खाते, शिवाय पोलादी थरांच्या गॅस्केटला पृष्ठभाग गुळगुळीत लागतो. बोल्टच्या भोकांत तेल किंवा पाणी साचलेलं असेल आणि तसाच बोल्ट पिळला, तर खाली अडकलेल्या द्रवाने ब्लॉकला तडा जाऊ शकतो. भोकं हवेने कोरडी करायची, आटे साफ करायचे, आणि बोल्टला तेल लावायचं की नाही हे मॅन्युअल सांगेल तसंच करायचं. तेलकट आणि कोरड्या आट्यांत एकाच टॉर्कला बोल्टचा ताण बराच वेगळा येतो. अंदाजाने, लांब पाईप लावून पिळणाऱ्याच्या हाती हेड देऊ नका.

पण लगेच हेड खोलू नका. पाणी कमी होण्याची दुसरी कारणं आधी संपवा, त्यात ईजीआर कूलर पहिला. तो आतून फुटला की पाणी एक्झॉस्टमध्ये जातं, पांढरा गोडसर वासाचा धूर येतो आणि सगळे गॅस्केटलाच दोष देतात. सकाळी थंड इंजिनावर कूलिंग सिस्टिमला हातपंपाने कॅपवरच्या आकड्याइतका दाब द्या आणि पंधरा मिनिटं बघा. काटा उतरला तर कुठे ओल येते ते शोधा. वॉटर पंपाखाली, हीटरच्या पाईपला, कार्पेटखाली. बाहेर काहीच दिसत नसेल तर ईजीआर कूलर वेगळा काढून दाबाने तपासा. तो ठीक निघाला तर निळ्या द्रवाची गॅस टेस्ट (पाण्यात धूर शिरत असेल तर द्रवाचा रंग बदलतो) करा, पण नुसती उभ्या गाडीवर नको. डिझेल रिकामं चालताना धुरात कार्बन डायऑक्साइड फार कमी असतो, द्रवाचा रंग बदलत नाही आणि गाडी पास होते. पर्वरीची किंवा बांबोळीची चढण लोड घेऊन चढवून आणा आणि लगेच टेस्ट घ्या. कॅप उघडायला लागत असेल तर आधी दाब उतरू द्या, नाहीतर तोंड भाजेल. थंड गाडी चालू केल्याबरोबर मिनिटभरात वरचा होज दगडासारखा कडक होत असेल, तर गॅस पाण्यात शिरतोय याबद्दल फारशी शंका राहत नाही. रेडिएटरमध्ये गळती बंद करणारी पावडर कुणी ओतायला आलं तर त्याला थांबवा. ती हीटर, ऑईल कूलर आणि रेडिएटरच्या बारीक नळ्याही तितक्याच इमानाने बंद करते.

हे सगळं होईपर्यंत गाडी घाटात नेऊ नका. न्यावीच लागली आणि आकडा चढायला लागला, तर एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर, गिअर खाली, आणि पहिल्या रुंद जागेवर थांबून न्यूट्रलमध्ये १,२००-१,५०० आरपीएम ठेवा म्हणजे पंप आणि फॅन चालत राहतील. वाफ दिसली, पाण्याचा दिवा लागला किंवा काटा लालमध्ये गेला तर मात्र इंजिन बंद. कॅपला तासभर हात लावायचा नाही आणि तापलेल्या हेडवर गार पाणी ओतायचं नाही. काही झालं नसेल तरी वर चोर्ल्याला चहाला थांबताना चावी लगेच फिरवू नका. दोन-तीन मिनिटं रिकामं चालू द्या, म्हणजे टर्बोतली आणि हेडमधली उष्णता पाण्याबरोबर निघून जाईल.